एक जूनची मुले

आमच्या चारोटीकडच्या शाळांची जुनी रजिस्टरे उघडून पाहा. निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला! हा चमत्कार महालक्ष्मीचा नव्हे, आम्हा मास्तरांचा.

१९८९ च्या जूनमध्ये एक वारली बाई पोरीला घेऊन शाळेत आली. जन्मतारीख विचारली, तर म्हणाली, "महालक्ष्मीच्या जत्रेला पोटात होती, भातलावणीच्या आधी झाली." साल मात्र तिला सांगता येईना. मग मी नेहमीची परीक्षा घेतली. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का? लागला. म्हणजे सहा वर्षे पूर्ण! मी लिहिले, १ जून १९८३.

पोरीचे हातच मुळी लांब होते, हे काही माझ्या ध्यानात आले नाही.

ते आले पुढे, व्हॉलीबॉलच्या मैदानावर. मुलींची जाळी २.२४ मीटर उंच. ही उडाली की तिचे मनगट जाळीच्या वर दिसे. १९९७ साली थायलंडमध्ये आशियातील कुमारी संघांची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली होती, वयाची अट १८ च्या आत. मी मुलींना त्या स्पर्धेविषयी सांगे. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानी संघातल्या बहुतेक जणी एका कापडगिरणीत नोकरीला होत्या, हेही सांगे.

"गुरुजी, तिथवर जायचे कसे?" ती विचारी.

"आधी जिल्हा, मग राज्य, मग देश!"

२००० च्या पावसाळ्यात तिला १७ वर्षांखालील निवडीला नेले. खेळ पाहून सारे खूश झाले. दाखला पाहून गप्प झाले. कागदावर तिला सतरा पूर्ण झाली होती. शेजारची एक मुलगी हिच्याच आठवड्यात दवाखान्यात जन्मली होती. तिच्या कागदावर साल होते १९८४. पण तो कागद शेजारणीचा. नियमाला नावे कशी ठेवू? मोठ्यांनी लहानांची जागा घेऊ नये म्हणूनच तो असतो. चूक माझ्या अक्षरात होती. ज्या हातांनी तिला जाळीवर नेले, त्यांनीच माझ्या रजिस्टरात तिला एका वर्षाने मोठे केले होते.

एस.टी.त ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मला बोलायला तोंड नव्हते.

२०१५ साली ती पुन्हा शाळेत आली, लेकीला घेऊन. लेकीचे हातही तसेच लांब. मी रजिस्टर उघडले, तशी तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून जन्माचा दाखला काढून माझ्यापुढे ठेवला आणि हसून म्हणाली,

"गुरुजी, हिचा हात मोजू नका हं!"