गव्हाण एक, विद्यापीठं तीन

२ सप्टेंबर २०२४, उदगीर

पोळा पावसातच गेला. कालपासून धार तुटलेली नाही. परभणी, हिंगोली, नांदेडकडून येणाऱ्या बातम्या वाईट आहेत. गल्लीतल्या बैलांच्या शिंगांचा रंग ओघळून गेला, तरी मिरवणूक निघाली.

संध्याकाळी देवणी तालुक्यातल्या एका मामांचा फोन आला. मूग-उडदाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटलेत आणि गोठ्याच्या आडभिंतीला रचलेली पेंडीची, मक्याच्या भरड्याची पोती खालून भिजलीत. पिकाचे पंचनामे होतील. भिजलेल्या पोत्यांचा पंचनामा कोणी करत नाही. ती पोती फेकूनही दिली जाणार नाहीत. ऊन पडलं की अंगणात पसरतील आणि पुन्हा गव्हाणीत येतील. इतकी महाग पेंड कोण टाकून देईल? पशुपोषण शिकवणारी मी, मला आज झोप लागणं कठीण आहे.

१३ सप्टेंबर

भीती होती तेच झालं. कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका संकलन केंद्राचं दूध खरेदीदाराने परत पाठवलं. कारण एका ओळीत: अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर. केंद्रचालक विचारत होते, "मॅडम, हे फॅटमध्ये येतंय का एसएनएफमध्ये?"

फॅट-एसएनएफच्या मापात ते दिसतच नाही, म्हणून तर ते घातक आहे. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी पेंडीवर, मक्यावर, शेंगदाण्यावर वाढते आणि बी-१ नावाचं विष तयार करते. गाईच्या यकृतात त्याचं एम-१ होतं आणि ते दुधात उतरतं. खाल्लेल्या विषापैकी साधारण एक ते तीन टक्के भाग दुधातून बाहेर येतो, भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टीन संकरित गाईत सहा टक्क्यांपर्यंतही. दूध उकळलं, पाश्चराइज केलं, तरी ते जात नाही. आपल्या देशात दुधातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे आणि पशुखाद्यातली बी-१ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले, त्यांतले ३६८ या एकाच कारणाने नापास झाले. पाणी आणि युरियाच्या भेसळीवर आपण इतकं बोलतो, पण त्या सर्वेक्षणात खरी चिंता या विषाची निघाली होती.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. या एका रेणूचा प्रवास पाहिला तर पीक वाळवणं कृषी विद्यापीठाकडे, खाद्य माझ्याकडे, गाईचं यकृत पशुवैद्याकडे आणि दूध दुग्धतंत्रज्ञाकडे. चौघांच्या इमारती वेगळ्या, वरिष्ठ वेगळे, अहवाल वेगळे. राज्यात २००० साली पशुवैद्यक शिक्षण कृषी विद्यापीठांतून निघून नागपूरच्या स्वतंत्र विद्यापीठाकडे गेलं. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता, विषयाला त्याचं घर मिळालं. पण गाय आणि तिचा चारा दोन खात्यांत वाटला गेला, आणि ते जोडून घेण्याचं काम शेतकऱ्यावर आलं.

२४ सप्टेंबर

आज बिदरला फोन केला. तिथल्या पशुवैद्यकीय विद्यापीठातले एक सर माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांच्या बाजूच्या दोन गावांतूनही हीच तक्रार आली होती. आमच्यात एक सीमा आहे म्हणून आठवडाभर एकमेकांना कळलं नाही.

आणि ही सीमा तरी किती जुनी? १९५६ पर्यंत उदगीर हा बिदर जिल्ह्याचाच तालुका होता. लातूर जिल्हा तर १९८२ चा. देवणी गाईला या रेषा कधी कळल्याच नाहीत. तिचं नाव लातूर जिल्ह्यातलं, पण चांगलं बीज भालकी, औराद, बिदरकडेही आहे. काळ्या तोंडाची वानेरा, पोटाखाली ठिपक्यांची बालंक्या, अंगभर काळे पट्टे-ठिपके घेऊन फिरणारी शेवरा, तिन्ही प्रकार सीमेच्या दोन्ही बाजूंना दिसतात. शिवाय परभणी, उदगीर, भालकी, बिदर आणि पुढे विकाराबादमार्गे हैदराबाद, सगळं एका लोहमार्गावर आहे. एका गाडीत बसून तीन राज्यांतल्या तज्ज्ञांना भेटता येईल. मी सरांना म्हटलं, पत्र नंतर काढू, आधी गोठ्यावर भेटू. ते लगेच हो म्हणाले.

६ ऑक्टोबर

रविवार होता म्हणून सगळ्यांना जमलं. परभणीहून वनस्पती रोगशास्त्राचे सर पहाटेच निघाले होते, बिदरचे सर त्यांच्या विद्यार्थ्याला घेऊन आले आणि आमच्या गावातल्या दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयातली तरुण सहकारी थंडपेटी घेऊन माझ्याबरोबर आली. देवणी आणि भालकीच्या मधलं गाव. मामांच्या गोठ्यात चार संकरित गाई, दोन देवणी, एक म्हैस आणि दोन कालवडी.

मामांचा राग ज्वारीवर होता. खरिपाची कणसं काळी पडलेली. तीच भरडून आंबोणात घातली होती. "खायलालीय बराबर, पण दूध उतरायलालंय," मामा म्हणाले. परभणीच्या सरांनी कणीस हातावर चोळलं, भिंगातून बघितलं आणि सांगितलं की हा काळेपणा बहुतेक फ्युजारियम आणि कर्व्ह्युलारियाचा. तीही जनावराला चांगली नाही, पण एम-१ शोधायचं असेल तर आधी पेंड आणि मका बघा. मग ते पोत्यांकडे वळले. वरची पोती कोरडी, सुटी. खालच्या पोत्यात हात घातला तर आत मुठीएवढे गोळे, तोडले की हिरवट-पिवळी भुकटी. मी वर्गात वर्षानुवर्षं ही बुरशी शिकवली आहे. पण पोत्याच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यात ती धरते, हे पिकाच्या माणसाने मला दाखवलं.

तोवर बिदरचे सर गाईंजवळ होते. त्यांनी चारही सडांचं दूध वेगवेगळ्या खळग्यांत काढून द्रावण घातलं. एका होल्स्टीनचं दूध लगेच जेलीसारखं घट्ट झालं. म्हणजे तिला आतून कासदाह होता, बाहेरून कास मऊ असल्याने कोणाला दिसला नव्हता. दूध कमी होण्याचं एक कारण ते, दुसरं खाद्य. आमच्यापैकी एकटा कोणीही आला असता तर एकच कारण सांगून, एकच औषध लिहून परत गेला असता आणि मामांनी म्हटलं असतं की साहेब येऊन गेले पण फरक पडला नाही.

जेवताना मामी जे बोलल्या ते इथे लिहून ठेवते. "एक डॉक्टर येतंय, म्हणतंय पेंड बंद करा. दुसरं येतंय, म्हणतंय पेंड वाढवा. काय खाऊ घालावं आमी, ते तुमी आपसात ठरवून एकदाच सांगा की." यावर चौघांनाही उत्तर सुचलं नाही. मग तिथेच बसून, मामींच्या समोर, एक कागद लिहिला: कोणतं पोतं फेकायचं, कोणतं वापरायचं, आंबोण किती, खनिज मिश्रण किती, पोत्यांखाली लाकडी फळ्या टाकून भिंतीपासून हातभर अंतर, कोणत्या गाईचं दूध किती दिवस केंद्रावर न्यायचं नाही. एकच कागद, खाली चौघांच्या सह्या. बिदरच्या सरांनी त्याचीच कन्नड प्रत पलीकडच्या गावासाठी केली.

१९ ऑक्टोबर

दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. पेंडीचा तोच नमुना म्हणून पाठवला; एकीकडे मर्यादेच्या आत, दुसरीकडे कितीतरी वर. आज फोनवर बरीच गरमागरमी झाली. कोणाचं यंत्र खरं, इथपर्यंत गोष्ट गेली.

यंत्रं दोन्ही ठीक असावीत. हे विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. एक गोळा विषाने भरलेला आणि बाकीचं पोतं स्वच्छ, असंच असतं. एकाने मूठ इथून घेतली, दुसऱ्याने तिथून. म्हणून आता नमुना घेण्याची एकच रीत ठरवली: प्रत्येक पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाला नळी घालायची, सगळं एकत्र दळायचं, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा मिसळायचं, असं करत शेवटचा भाग तीन पाकिटांत. एक इकडे, एक तिकडे, तिसरं गोठवून राखीव. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी तीन विद्यापीठं कशाला? मला वाटतं, एकत्र काम करण्याची खरी सुरुवात इथेच झाली. नमुना एका रीतीने घेतला नाही तर माझा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवताच येत नाही, आणि मग परिषदेत एकमेकांचे पेपर ऐकून टाळ्या वाजवण्यापलीकडे काही होत नाही.

२८ ऑक्टोबर, वसुबारस

मामांच्या गोठ्यातलं खराब खाद्य थांबवल्यापासून रोज सकाळचं दूध तपासत होतो. तीन-चार दिवसांत एम-१ उतरतं असं पुस्तकात आहे, आणि तसंच उतरलं. कासदाह झालेली गाय अजून उपचारावर आहे. केंद्राने मामांचं दूध पुन्हा घ्यायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२४ पासून संघाने लिटरला २८ रुपये द्यायचे आणि सरकारने ७ रुपये अनुदान, असा तेव्हाचा नियम होता. दूध परत आलं तर दोन्ही जायचे. संध्याकाळी मामींनी गाय-वासराची पूजा केल्याचा फोटो पाठवला.

१७ नोव्हेंबर

निवडणुकीच्या कामात निम्मे सहकारी अडकलेत, म्हणून वाचन झालं. अमेरिकेत आयोवा, मिनेसोटा, नेब्रास्का आणि दोन्ही डकोटा या पाच राज्यांच्या विद्यापीठांतले दुग्धविस्तार तज्ज्ञ एका महामार्गाच्या नावाने एकत्र काम करतात, ‘आय-२९ मू युनिव्हर्सिटी’. प्रत्येक विद्यापीठात दुधाचे तज्ज्ञ थोडेच. एकाकडे खाद्य, दुसऱ्याकडे कासेचं आरोग्य, तिसऱ्याकडे गोठ्याचं अर्थशास्त्र. मग पाच राज्यांच्या शेतकऱ्यांना सगळे मिळून पुरतात. न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला टेक्सास, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको इथल्या विद्यापीठांनी २००८ पासून विद्यार्थ्यांचं उन्हाळी प्रशिक्षण एकत्र सुरू केलं, कारण मोठ्या गोठ्यांचं शिक्षण एकट्याने देणं कोणालाच परवडत नव्हतं. त्यांचे हजारो गाईंचे गोठे आणि आपले चार गाईंचे, तुलना तिथेच थांबते. पण माणसं कमी आणि प्रश्न एक, हे आपलंही आहे.

जवळचं उदाहरण मला अधिक मोलाचं वाटतं. हैदराबादच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या कडब्याचा अभ्यास पटनचेरूला ज्वारी पैदासकार आणि पशुपोषणतज्ज्ञांनी मिळून केला. पचनीयता ४७ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेली की कडब्याचा दर पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त चढत होता. विकत घेणारा गवळी प्रयोगशाळेशिवाय, हाताने आणि दाताने, ही पाच टक्क्यांची ओळख पटवत होता. त्यानंतर ज्वारीचं वाण निवडताना धान्याबरोबर कडब्याचा दर्जा पाहण्याला वजन आलं. दाण्याचा माणूस आणि गाईचा माणूस एका टेबलावर बसले नसते तर गवळ्याला ठाऊक असलेलं हे शास्त्राला कधी कळलं असतं?

१२ डिसेंबर

आमच्या विद्यापीठांमधल्या करारनाम्याचा मसुदा तिसऱ्यांदा परत आला. हरकती लहान आहेत: प्रवासखर्च कोणाच्या शीर्षाखाली, परराज्यातल्या विद्यापीठाला नमुना देताना परवानगी कोणाची, शोधनिबंधावर नावांचा क्रम. मी सगळ्यांची उत्तरं पुन्हा लिहिली. मैत्रीवर हे काम आज चाललंय, पण बिदरचे सर दोन वर्षांनी निवृत्त होतील, परभणीच्या सरांची बदली होऊ शकते. कागद नसेल तर पुढच्या ओल्या सप्टेंबरात कोणी कोणाला फोन करणार नाही.

राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन बैठक दरवर्षी होते. राहुरीचं वाण दापोलीत, अकोल्याची शिफारस परभणीत तपासली जाते. ती शिस्त मला फार आवडते. गाईंवरही या विद्यापीठांत काम झालंय: परभणीने होल्स्टीन आणि देवणीच्या संकरातून होलदेव तयार केली, राहुरीने होल्स्टीन, जर्सी आणि गीर मिळून फुले त्रिवेणी. बैठकीच्या याच शिस्तीत नागपूरचं पशुवैद्यक विद्यापीठ आणि सीमेपलीकडचं बिदरचं विद्यापीठ यावं, एवढंच मागणं आहे.

२९ डिसेंबर, माळेगाव

खंडोबाची यात्रा. लाल कंधारी आणि देवणीची खरी शोभा इथे दिसते. बिदरचे सर पहिल्यांदाच आले, तासभर एका शेवऱ्या वळूसमोरून हलेनात. वळूच्या कानात बारा आकडी बिल्ला होता. भालकीकडचा एक जण तो वळू विकत घ्यायला आलेला. आम्ही त्याच्याशी बराच वेळ बोललो: लसीकरण कधी झालं, पैदाशीचा कागद आहे का. बिल्ला देशभर एकच आहे, नोंद दोन्ही राज्यांत बघता येते, फक्त ती भरलेली हवी. २०२२ मध्ये लम्पीने बाजार बंद केले होते, तेव्हा कोणतं जनावर कुठून आलं हे शोधताना सगळ्यांचीच दमछाक झाली.

३० डिसेंबर, येळवस

मामांनी सगळ्यांना शेतात बोलावलं. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, मग भज्जी, उंडे, आंबील. हा सण लातूर-धाराशिवचा आणि बिदर-कलबुर्गीचाही. सरांच्या घरीही आज हेच असतं, म्हणून ते दोन घास खाऊन संध्याकाळी परत जाणार होते.

जेवण होईपर्यंत पलीकडच्या गावातले सात-आठ शेतकरी जमले. एकाची गाय तीनदा भरवून उलटली होती, एकाचा प्रश्न सोयाबीनच्या गुळीवर युरिया प्रक्रिया चालते का, एकीला खव्याचा रंग पिवळा का येतो हे हवं होतं. परभणीचे सर म्हणाले, गुळीचं माझ्याकडे द्या. उलटणाऱ्या गाईची तपासणी बिदरचे सर १२ जानेवारीला करणार, त्या आधी तिचं रोजचं खाणं तिच्या मालकाने वहीत लिहून ठेवायचं आणि ते मी बघायचं. खव्याचा नमुना सहकारीने डब्यात घेतला. नमुन्यावर गावाचं नाव, तारीख आणि गाईचा बिल्ला क्रमांक आमच्या ठरलेल्या रीतीने लिहिला.