वास्तुशांत आणि कुलूप

परगावच्या मंडळींनी आमच्या साखरखेर्ड्याचा उद्धार करावा, ही परंपरा तशी जुनीच. 1724 च्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान इथे लढले. दोघांचीही घराणी पार मध्य आशियातून आलेली! निजाम जिंकला आणि गावाचे नाव त्याने फत्तेखेर्डा केले. गावाला मिळाले काय, तर एक नाव. तेही टिकले नाही.

हल्लीचे परगावकर लढत नाहीत, बांधतात. पोरगा पुण्याकडे नाहीतर आखातात चिकटला, की गावात कॉलम उभे राहिलेच. 1999 च्या फेमा कायद्याने परदेशस्थ भारतीयाला इथे घर विकत घेता येते, शेतजमीन नाही. म्हणजे सरकारच सांगते, बाबा रे, माती सोड, सिमेंट धर!

मी बँकेतला कारकून. काउंटरमागून मला विकास असा दिसतो : येताना दिरहमचे रुपये होतात, जाताना रुपयांची सळई आणि गिट्टी होते. गवंड्याचे खाते जरा बाळसे धरते. पाऊस दगा देतो त्या वर्षी या मजुरीवरच कित्येक चुली पेटतात, हे नाकारून चालणार नाही. मग वास्तुशांत होते, गाव जेवते आणि आठव्या दिवशी दाराला कुलूप लागते. पंजाबात जालंधरकडे परदेशी गेलेल्यांच्या गच्चीवर विमानाच्या आकाराच्या टाक्या असतात म्हणे. आमच्याकडे अजून साधी काळी टाकीच आहे, एवढीच काय ती पिछेहाट.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींचे घर तीन मजली. मुलगा मस्कतला. जिना चढवत नाही म्हणून मावशी खालच्या स्वयंपाकघरातच राहतात. परवा पैसे काढायला आल्या. मी म्हटले, "मावशी, घर झकास झालंय!"

"झालं ना भाऊ. झाडायला लय हाय." मग स्लिप पुढे सरकवत हळूच म्हणाल्या, "न्हाणीत धरायला एक दांडी पाहिजे होती. मारबलवर पाय सरकतो."

"मग मुलाला फोनवर सांगा की."

"तो इचारतो, वरच्या मजल्याला रंग कोणता देऊ. त्याच्यात मी दांडीचं कुठं काढू?"

घर बांधणाऱ्याने राहणाऱ्याला एक प्रश्न विचारावा. त्याला ना सिमेंट लागते, ना परवाना. खातेदाराची शिल्लक बाहेर सांगायची आम्हाला मनाई आहे. पण दांडी फार महाग नसते, आणि बचत खात्यावर दर तिमाहीला व्याज जमा होते, एवढे सांगायला कुठल्याच नियमाची हरकत नसावी.