काम झालं, उत्तर अडकलं

मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीच्या प्लगइनला स्क्रीन असते तोवर बरंच काही खपून जातं. बटण भलत्याच जागी असलं तरी शिक्षक ते शोधून काढतात, सूचना अर्धवट असली तरी अंदाजाने पुढे जातात. तेच प्लगइन वेब सर्व्हिसवर टाकलं की समोर माणूसच नसतो. कॉलेजची प्रवेशप्रणाली रात्री-अपरात्री ओळखीचं टोकन घेऊन येते, फंक्शनचं नाव सांगते, माहिती पुढे करते आणि उत्तरासाठी थांबते. अंदाज बांधणं तिच्या गावी नाही.

मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या मूडलची १.० आवृत्ती २००२ साली आली. वेब सर्व्हिसची आजची घडी मात्र २०१० च्या २.० आवृत्तीपासूनची. प्रत्येक फंक्शनचे तीन भाग: काय घेणार, काय करणार, काय परत देणार. मधला भाग सगळे हौसेने लिहितात. पहिला नाइलाजाने. तिसरा तर बरेचदा जुन्या प्लगइनमधून उचलून चिकटवलेला असतो.

पहिल्या भागात आपल्याकडची नावं हमखास अडकतात. नावाच्या रकान्याला कुणी ‘पॅराम अल्फा’ हा प्रकार लावलेला असतो. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं चालतात. ‘सायली’ गाळणीतून गेली की उरतं शून्य, आणि आलेलं व गाळलेलं जुळलं नाही म्हणून मूडल अख्खी विनंती परत पाठवतं. कारण एवढंच कळतं, की कुठलीतरी किंमत चुकीची आहे. कुठली, ते डीबगिंग चालू केल्याशिवाय दिसत नाही. चाचणी नेहमी ‘टेस्ट यूजर’वर झालेली, त्यामुळे तोवर सगळं आलबेल! तिथे ‘पॅराम टेक्स्ट’ लावलं की सायली सुखरूप आत जाते.

खरी गंमत तिसऱ्या भागात. परत येणाऱ्या माहितीत ‘शेरा’ सक्तीचा लिहून ठेवला आणि एखाद्या नोंदीला शेराच नसला, तर मूडल उत्तर अडवतं. पण ही तपासणी होते फंक्शन संपल्यावर. तोवर नोंद डेटाबेसमध्ये बसलेली असते, ट्रान्झॅक्शनही पक्कं झालेलं असतं. पलीकडच्या प्रणालीला दिसतं अपयश. ती इमानेइतबारे तीच विनंती पुन्हा पाठवते आणि एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात. त्यात वेब सर्व्हिसच्या ‘रेस्ट’ प्रोटोकॉलवर हा नकारही ‘२००’ या यशाच्या कोडखालीच येतो. नुसता कोड बघणारी प्रणाली त्यालाच यश समजते. म्हणजे एकीला झालेलं काम दिसत नाही, दुसरीला झालेली चूक.

यावर माझा उपाय साधा आहे. पाठवणाऱ्याने प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक द्यायचा, प्लगइनच्या टेबलात त्यावर युनिक इंडेक्स ठेवायचा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता जुनीच परत द्यायची. घाईच्या कामात हे कुणालाच आवडत नाही. मी मात्र त्यावर अडून बसतो, आणि तपासायला आलेली फाइल खालून वर, म्हणजे तिसऱ्या भागापासून, वाचतो.

टोकनचं तर विचारूच नका. लवकर उरकावं म्हणून थेट अ‍ॅडमिनचं टोकन हातात ठेवतात. मग फंक्शनमध्ये परवानगी तपासली आहे की नाही, हे कळणार कसं? अ‍ॅडमिनला सगळीच दारं उघडी. असं टोकन आलं की मी काम सुरूच करत नाही. आधी मोजक्या परवानग्यांचा वेगळा यूजर बनवून मागतो.