बेत आखायचा की तसंच निघायचं?

दोस्तांनो, सुट्टी जवळ आली आणि सहलीचा विषय निघाला, की घरात दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष कागदवाल्यांचा. त्यांना सगळं आधी ठरलेलं हवं. पहाटे किती वाजता उठायचं, कुठली गाडी धरायची, डबा कुठे उघडायचा, अगदी फोटो कुठे काढायचा तेसुद्धा! दुसरा पक्ष 'चला, निघू या'वाल्यांचा. त्यांचं म्हणणं, "ठरवून कसली मजा? जे समोर येईल ते बघायचं." तुमच्या घरी कोण कुठल्या पक्षात आहे, हे तुम्हाला चांगलंच ठाऊक असेल. आणि या दोन पक्षांचं भांडण बहुधा निघायच्या आदल्या रात्री होतं, हेही!

आता तुम्ही वाशीम जिल्ह्यातले असाल, तर हा प्रश्न तुमच्यासाठी नुसता गमतीचा नाही. आपला मुलूख सोयाबीन-तुरीचा. जूनमध्ये पेरणीची घाई, दिवाळीच्या आसपास सोंगणी आणि मळणी. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी सवड मिळते ती वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवसापुरती. हाताशी पैसेही मोजकेच असतात. तो एक दिवस हुकला, की पुढच्या वर्षापर्यंत थांबा. म्हणून हे भांडण एकदाचं मिटवू या.

सुरुवात जरा लांबून करू. जगातलं सर्वांत प्रसिद्ध करमणुकीचं उद्यान म्हणजे अमेरिकेतलं डिस्नेलँड. मिकी माउसवाल्या वॉल्ट डिस्नेने ते कॅलिफोर्नियात उभारलं. १७ जुलै १९५५ या दिवशी त्याचं उद्घाटन होतं. महिनोन् महिने आराखडे काढलेले, कागदावर काही म्हणता काही सुटलेलं नव्हतं. पण त्या दिवशी झालं काय? अनेकांनी खोटी निमंत्रणपत्रिका दाखवून आत प्रवेश मिळवला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी झाली. ऊन एवढं, की नुकतंच टाकलेलं डांबर मऊ झालं आणि बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतू लागल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे. खायचे पदार्थही संपले. हा सगळा गोंधळ दूरचित्रवाणीवरून जात असलेल्या कार्यक्रमाच्या दिवशी!

म्हणजे 'चला, निघू या' पक्ष जिंकला का? थांबा. डिस्नेलँड बंद नाही पडलं. त्यांनी गर्दी, रांगा, पाणी, सावली यांचा नव्याने विचार केला आणि आज ७० वर्षं उलटली तरी ते चालू आहे. तो दिवस एवढंच सांगतो, की ऊन आणि गर्दी आपला कागद वाचत नाहीत.

अशा उद्यानात रांगेचं गणित कसं असतं, तेही बघा. समजा, एका पाळण्यात एका वेळी २४ जण बसतात आणि माणसं उतरवून-चढवून एक फेरी ३ मिनिटांत पुरी होते. म्हणजे तासाला २० फेऱ्या आणि ४८० माणसं. तुमच्यापुढे रांगेत २४० जण असले, तर अर्धा तास उभं राहायचं, ३ मिनिटांच्या मजेसाठी! सकाळी दार उघडताच तिथे गेलात, तर पुढे २४ जणही नसतात. म्हणून ज्याच्यासाठी आपण खास आलो ते सर्वांत आधी, आणि बाकीचं मागाहून. एवढा बेत आखला तरी अर्धी लढाई जिंकली.

आता आपल्याकडे येऊ. वाशीम जिल्ह्यात असलं भलं मोठं उद्यान नाही. आपल्या भागातल्या कित्येक कुटुंबांची 'उद्यानाची सहल' म्हणजे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव. गजानन महाराजांचं दर्शन आणि संस्थानाने उभारलेलं आनंदसागर. वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर, आणि अकोल्याहून शेगाव रेल्वेने आणखी थोडं पुढे, मुंबई-हावडा मार्गावरच.

या सहलीत कागद कुठे लागतो? पहिली गोष्ट, काय उघडं आहे. आनंदसागर मध्यंतरी काही काळ बंद होतं. त्यामुळे कुणीतरी कधीकाळी सांगितलेल्या वर्णनावर विसंबून निघू नका. सध्या कुठला भाग पाहता येतो, हे आधी फोन करून विचारा. दुसरी गोष्ट, गर्दीचा दिवस. माघातला प्रकटदिन, रामनवमी, झालंच तर गुरुवार, या दिवशी दर्शनाची रांग लांबच लांब असणार. उत्सवच पाहायचा असेल तर त्या दिवशी जरूर जा. पण लहान भाऊ आणि आजीला घेऊन निवांत फिरायचं असेल, तर साधा वार निवडा. तिसरी गोष्ट, परतीची शेवटची गाडी. ती काही तुमची आइस्क्रीम संपायची वाट बघत नाही!

बस, एवढंच. बाकी सगळं मोकळं सोडलं तरी चालतं. आधी दर्शन की आधी जेवण, झाडाखाली किती वेळ बसायचं, खेळणं घ्यायचं की पेढे, हे तिथे गेल्यावर ठरवा.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, की आपण एक नियम शोधत आहोत. तो असा: जे आपल्यासाठी थांबत नाही, ते आधी ठरवा. जे थांबतं, ते मोकळं ठेवा.

हा नियम खरा की खोटा, ते आपल्याच जिल्ह्यात फिरून पारखू. वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा असे सहा तालुके. तिकीट नसलेलं, कुंपण नसलेलं एक भलंथोरलं उद्यानच समजा ना!

कारंजा तालुक्यात कारंजा-सोहोळ हे काळविटांचं अभयारण्य आहे. क्षेत्रफळ साधारण १८ चौरस किलोमीटर. झाडी दाट नाही, गवताळ माळच जास्त. काळवीट जिवाच्या आकांताने पळतं तेव्हा ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतं. मात्र भर दुपारी ते पळत नाही, की चरतही नाही. सावली गाठून बसून राहतं. तुम्ही आरामात जेवून-बिवून दुपारी दोनला पोचलात, तर काय दिसेल? पिवळं गवत आणि तुमचीच सावली! काळविटं पाहायची ती सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. वाशीमहून निघायचं, तर अंधारातच उठायला हवं; नाहीतर कारंज्याला मामा-मावशी असतील त्यांच्याकडे आदल्या रात्री मुक्काम करायचा. ही झाली न थांबणारी गोष्ट. इथे कागदवाल्यांचं ऐका.

कारंज्यातलं गुरुमंदिर आणि जुनी जैन मंदिरं मात्र शेकडो वर्षांची परंपरा सांगत तिथेच उभी आहेत. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून कारंजा ओळखलं जातं. काळविटं पाहून झाल्यावर गावात या, हवा तेवढा वेळ घालवा. तासभर उशीर झाला, तर फार तर पोटात कावळे ओरडतील.

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीचं तसंच. संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान म्हणून देशभरातले बंजारा बांधव तिथे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नंगारा हे बंजारा समाजाचं वाद्य, त्याचंच नाव संग्रहालयाला दिलं आहे. रामनवमीला इथे मोठी यात्रा भरते. यात्रा पाहायची तर ती तारीख धरून निघावं लागेल, आणि संग्रहालय शांतपणे पाहायचं तर ती तारीख टाळून. बघा हं, गाव एकच, पण सहली दोन!

आणि खुद्द वाशीम? याचं जुनं नाव वत्सगुल्म. चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी होती. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातला शिलालेख ज्या वराहदेवाचा, तो इथल्याच हरिषेण राजाचा मंत्री. वाशीमला राहून अजिंठा पाहून आलेली, पण या राजधानीत सायकलवरून एक चक्कर न मारलेली किती मुलं असतील, सांगा बरं! पद्मतीर्थ, बालाजी मंदिर, यांना कसला बेत लागतो? शाळा सुटल्यावर दोन मित्र गोळा केले की झालं. इथे 'चला, निघू या' पक्षाचं ऐका.

रस्त्यांचंही असंच आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावरून गाडी सुसाट जाते. पण वाटेत बोरं दिसली म्हणून थांबा म्हटलं, तर थांबता येत नाही. ठरलेल्या ठिकाणीच चढायचं, ठरलेल्या ठिकाणीच उतरायचं. हा कागदवाल्यांचा रस्ता. गावागावांतून जाणारा जुना रस्ता वेळ खातो, पण त्यावर आठवडी बाजार लागतो, उसाचा रस मिळतो, एसटीतल्या शेजारच्या आजी शेंगा देऊन तुमचं नाव-गाव विचारतात. पहाटे काळविटांना गाठायचं असेल तर वेगाचा रस्ता धरा. परतताना घाई नसेल तर जुन्या रस्त्याने या. एकाच सहलीत दोन्ही पक्ष खूश!

काही गोष्टी मात्र कुठल्याच कागदावर मावत नाहीत. रिसोडच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवर आहे. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेलं हे विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. एरवी पाणी हिरवट. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झालं! खारटपणा वाढल्यावर बळावणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असं शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलं. तो गुलाबी रंग पाहायचा बेत कुणी वर्षभर आधी आखू शकलं असतं का? नाहीच. म्हणून दिवसाच्या कागदावर थोडी जागा कोरी ठेवायची. लोणारला जाताना पाण्याची बाटली, टोपी आणि विवरातून वर चढून यायला लागणारा वेळ, एवढं पक्कं करा. सरोवराचा रंग आज कसा असेल, ते सरोवरावर सोडा.

न थांबणाऱ्या गोष्टींत आपली माणसंही येतात बरं का. धाकट्या बहिणीची भूक थांबत नाही. आजोबांचे गुडघे संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत. दहा ठिकाणांची यादी केली आणि चौथ्या ठिकाणी आजोबा पायरीवर बसले, तर ओढत नेऊ नका. यादी खिशात घाला आणि तुम्हीही त्यांच्याशेजारी बसा. यादीतली ठिकाणं पुढच्या वेळीही असतील.

असतील ना? इथे जरा गंभीर व्हायला हवं. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' आपल्या आजी-आजोबांच्या ओळखीची गाडी. १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. "बसू एकदा, गावातलीच तर गाडी आहे," असं म्हणत किती जण राहून गेले! आता ती धावत नाही. मुंबईजवळचं एस्सेल वर्ल्ड १९८९मध्ये सुरू झालं. विदर्भातल्या मुलांनीही त्याची जाहिरात पाहून घरी हट्ट धरले. २०२२मध्ये तेही बंद झालं. म्हणजे न थांबणाऱ्या गोष्टी नुसत्या घड्याळावर मोजता येत नाहीत; काही कॅलेंडरवर मोजाव्या लागतात. 'चला, निघू या'वाल्यांची खरी अडचण हीच. ते अचानक निघतात हे छान, पण 'कधीतरी जाऊ' म्हणत कित्येकदा निघतच नाहीत. आणि कागदवाल्यांची अडचण? ते निघतात, पण घड्याळाकडे बघता बघता समोरचं बघायचं विसरतात.

तेव्हा एक करा. आज रात्री जेवणं झाली की वहीचं एक पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, काय काय आपल्यासाठी थांबणार नाही: गाडी, दाराची वेळ, जनावरांची वेळ, ऊन, आजोबांचे पाय. उजवीकडे लिहा, काय थांबेल. डावी बाजू आईबाबांना दाखवून पक्की करा. उजवी बाजू कोरी राहिली तरी बिघडत नाही. ती सहलीहून आल्यावर भरायची. सर्वांत वर मात्र एक गोष्ट ठळक अक्षरांत हवी, आणि ती अगदी आजच ठरवायची. ती म्हणजे तारीख!

मग, कुठली लिहिताय?