नोंदवहीतली मुलं

१९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बायकांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, तीही दिवस जाण्याच्या आधीपासून. काय खातात, किती राबतात. पुढे बाळं झाली, सरासरी २.७ किलोच्या आसपासची. इंग्लंडच्या साउदम्प्टनमधल्या बाळांहून कितीतरी हलकी, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आपल्याकडच्या मधुमेहाचं मूळ गर्भापर्यंत जातं, हे या मुलांनी दाखवलं.

*

याच अभ्यासाचा २००८चा निष्कर्ष: गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत कमी पडत होता. आईची नोंद मुलाच्या नोंदीशी जोडलेली राहिली म्हणून हे कळलं. अशा नोंदी सगळ्याच कुलूपबंद करा म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

*

पण नोंदीतून नाव खोडलं की ओळख गेली, हे मात्र मला मुळीच पटत नाही. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना वेगळं ओळखता येईल, असा अंदाज संशोधक लटान्या स्वीनी यांनी २००० साली मांडला. आपल्या खेड्यात तेवढंही लागत नाही. जुळ्यांची आई, अमक्या महिन्यातलं बाळंतपण, माहेर कुठलं. पारावर बसलेला कुणीही घर दाखवील. त्या घरातल्या मुलीचं लग्न ठरताना तिच्या लहानपणच्या साखरेचा आकडा फिरू लागला, तर भोगायचं तिने.

*

इंग्लंडच्या ब्रिस्टलमध्ये १९९१-९२च्या चौदा हजारांवर गर्भारपणांपासून सुरू झालेला अभ्यास जगभरच्या संशोधकांना खुला आहे. आधी प्रस्ताव द्यायचा, मग लागेल तेवढीच माहिती, नावांशिवाय. मुलं सज्ञान झाल्यावर त्यांनाच विचारलं गेलं. दार उघडं आणि दारावर माणूस, ही रीत मला योग्य वाटते.

*

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनासाठी सात वर्षांवरच्या मुलाचाही होकार घ्यायचा, आणि अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने संमती. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला अटींसह सूट आहे. ती सूट म्हणजे न विचारण्याची मुभा नव्हे.

*

आईबापांनो, अशा अभ्यासाच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी कुणाच्या ताब्यात राहणार? रक्ताचे नमुने किती वर्षं ठेवणार? अठराव्या वर्षी आमच्या मुलाला विचारणार का? तिसऱ्याचं उत्तर स्पष्ट मिळालं नाही, तर सही करू नका.