३४ न दिसणाऱ्या ओळी

बाबांनी आयुष्यभर प्रूफं वाचली. गेल्या पावसाळ्यात एका कादंबरीचं वाचन त्यांनी अर्ध्यावर सोडलं. म्हणाले, "अनुस्वार दिसत नाहीत रे. सकाळी फोन करून काम परत करतो." मी म्हणालो, "वय झालं, बाबा. डोळे दाखवून घेऊ." त्यांनी मान हलवली आणि ते झोपायला गेले.

काम परत करायचं तर फायली आवराव्यात म्हणून मी त्यांच्या खुर्चीत बसलो. मलाही अनुस्वार दिसेनात. अक्षरं आडवी फुगलेली, वेलांट्यांच्या कडा विरघळलेल्या. पडदा १४४० बाय ९०० ठिपक्यांचा. त्यावर १०२४ बाय ७६८चं चित्र ताणून बसवलेलं.

तीन आठवड्यांपूर्वी मॉनिटरची केबल मीच बदलली होती. खणातली जुनी लावली. व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांतून मॉनिटर स्वतःची ओळख सांगतो: १२८ बाइटांची छोटीशी नोंद, ईडीआयडी. ती पोचली नाही, तर लिनक्सवरचा एक्स सर्व्हर जोखीम घेत नाही. कुठल्याही पडद्याला चालेल असं लहान माप देऊन मोकळा होतो.

दुकान सकाळशिवाय उघडणार नव्हतं. मग मॉनिटरची ओळख आपणच सांगायची. सीव्हीटी या आज्ञेला १४४० आणि ९०० हे आकडे दिले. तिनं मोडलाइन काढून दिली: १०६.५० मेगाहर्ट्झ, मग १४४०, १५२८, १६७२, १९०४. मग ९००, ९०३, ९०९, ९३४. एक्सरँडरला 'न्यूमोड'नं ती शिकवली, 'अ‍ॅडमोड'नं व्हीजीएच्या खोबणीशी जोडली. शेवटची आज्ञा देताना हात थबकला. जुन्या काचेच्या मॉनिटरांच्या काळात चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर बिघडू शकतो, असा इशारा माहितीपत्रकांत असे. आताचा फार तर काळा पडून 'मर्यादेबाहेर' म्हणतो. एंटर दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि अनुस्वार परत आले.

पहाटे बाबा उठले, बसले, दोन पानं न बोलता वाचली. मग टर्मिनलमधल्या आकड्यांवर बोट ठेवून म्हणाले, "ओळी ९००, मग हे ९३४ कशाला?"

मी सांगितलं, की काचेच्या पडद्यात किरण एक ओळ रंगवून पुन्हा डावीकडे यायचा, तळाशी पोचला की वर जायचा. त्या परतीसाठी वेळ राखून ठेवलेला. आता किरण नाही, पण सिग्नलमध्ये ती जागा राहिली. प्रत्येक ओळीत ४६४ ठिपक्यांएवढी, खाली ३४ ओळींएवढी. सगळं धरून पाव भागाहून जास्त वेळ काहीच दिसत नाही.

"समास," बाबा म्हणाले. "समास सोडावाच लागतो."

मग मी केबलचं सांगितलं. ते थोडा वेळ पडद्याकडेच बघत राहिले.

"तीन आठवडे मला वाटत होतं, माझंच संपलं."

एक्सरँडरनं दिलेलं माप संगणक बंद केला की पुसलं जातं. म्हणून त्या तीन आज्ञा मी एक्सप्रोफाइल फाइलमध्ये लिहून ठेवल्या. दुपारी नवी केबल आणली. आज्ञांची गरज उरली नाही, तरी त्या काढलेल्या नाहीत. 'वय झालं' हे मी किती पटकन म्हणालो होतो, ते मला त्यांच्यावरून आठवतं.

फोन त्या सकाळी झाला नाही. कादंबरी बाबांनी पुरी वाचली.