अंबाड्यातला क्रौंच

निशी-कासाईच्या त्या इमारतीत आम्ही सात-आठ मराठी पोरं वाढलो. २००० च्या आसपास संगणकाच्या नोकऱ्यांनी आमच्या बाबालोकांना तोक्योत आणलं, आया मागोमाग आल्या. कुकर, पोळपाट, गोडा मसाला सगळं बॅगांतून आलं. आला नाही तो गजरा. सणाच्या दिवशी अंबाडा घालून झाला की आईचा हात सवयीने मागे जायचा आणि रिकामाच खाली यायचा.

हे टिपलं तळमजल्यावरच्या ओबाच्याननी. ओबाच्यान म्हणजे आजी. दुसऱ्या नावाने आम्ही त्यांना कधी हाक मारली नाही. एका पाडव्याला त्या लाकडी पेटी घेऊन वर आल्या. आत कांझाशी होत्या, केसांत खोवायचे जपानी दागिने. बहुतेक त्यांनी स्वतःच केलेले. रेशमाचे इवले चौकोन चिमट्याने दुमडायचे आणि भाताच्या खळीवर एकेक पाकळी उभी करायची. या कामाला त्सुमामी म्हणतात, म्हणजे चिमटणं. गोल घडी घातली की उमेचं, म्हणजे जपानी प्लमचं, फूल होतं, टोकदार घातली की शेवंती. आमच्या आयांना करंजीची मुरड घालायची सवय, तरी पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पाकळ्या सुटल्या.

आईने हौसेने साकुरा उचलला, तर ओबाच्याननी तिचा हात धरला. खिडकीबाहेर झाडं फुललेली असताना केसांत साकुरा कशाला, खऱ्या फुलांशी चढाओढ? तो माळायचा कळ्या असताना. त्या पाडव्याला आईच्या वाट्याला फुलपाखरू आलं. पुढे फुजीचे, म्हणजे विस्टेरियाच्या वेलीचे, लोंबते जांभळे घोस, शरदात शेवंती, मग लालबुंद मोमिजी, म्हणजे मेपलची पानं. ऋतू आम्हाला शाळेच्या आधी या पेटीने शिकवले. नोव्हेंबरात शिचि-गो-सान या मुलांच्या सणाला सात वर्षांच्या जपानी मुली किमोनो घालून देवळात जातात. आमच्या ताईलाही ओबाच्याननी तसंच सजवलं होतं. ताई दिवसभर मान ताठ ठेवून बसली, जेवताना भातसुद्धा बाबांनी भरवला.

पेटीच्या तळाशी एक फणी होती, ओबाच्यानच्या आईच्या लग्नातली. मधाच्या रंगाची, कासवाच्या कवचाची, आणि तिच्यावर सोनेरी लाखेत क्रौंच नि कासव. क्रौंच हजार वर्षं जगतो, कासव दहा हजार, म्हणून नवरीच्या डोक्यावर दोघं. ज्या कासवाला मारून फणी केली त्याच्याच पाठीवर दीर्घायुष्याचा आशीर्वाद, हे मला अजून पचलेलं नाही. (या कवचाची जपानमधली आयात १९९२ च्या अखेरीस थांबली.) आईला मात्र ती फणी पाहून गावच्या देवळातलं सभामंडपासमोरचं कासव आठवलं, आणि तिने नकळत नमस्कार केला. ओबाच्याननीही वाकून उत्तर दिलं. तेवढं दोघींना पुरलं. आईचं जपानी तेव्हा भाजीच्या दुकानापुरतंच होतं.

एप्रिलअखेर त्या आम्हा सगळ्यांना कामेइदोच्या देवळात न्यायच्या. वर फुजीचे मांडव, खाली तळ्यात कासवांची उतरंड. आया माना वर करून घोस बघायच्या, आम्ही कठड्यावर ओणवे होऊन कासवं मोजायचो, आणि संख्या कधीच जुळायची नाही.

आम्ही भारतात परतताना ओबाच्याननी प्रत्येक घराला एकेक कांझाशी दिली. फणी कुणालाच नाही. फणी म्हणजे कुशी, आणि ‘कु’ म्हणजे दुःख, ‘शि’ म्हणजे मरण. अशी वस्तू भेट देत नाहीत. आमच्या वाट्याला लाल टोपीचा रेशमी क्रौंच आला. पुण्याच्या पहिल्याच पावसाळ्यात त्याचं एक पीस सुटलं. आईने भात शिजवून, घोटून, खळ करून ते चिकटवलं. फेविकॉलला हात लावू दिला नाही.

ताईच्या लग्नात आईने अंबाड्याला मोगऱ्याचा गजरा घातला आणि कपाटातून क्रौंच काढला. पार्लरवाली पिना तोंडात धरून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “काकू, हे बदक गजऱ्याच्या वर लावू की खाली?”